सीडीएन सेवेचे प्लॅन आणि स्लॅब: दर कशावर ठरवावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील आपली होस्टिंग कंपनी स्वतःची कंटेंट डिलिव्हरी सेवा, म्हणजे सीडीएन, सुरू करीत आहे. मुंबई, पुणे आणि नागपूर येथे आपले कॅश सर्व्हर, म्हणजे ग्राहकांच्या फाइलींच्या प्रती ठेवून प्रेक्षकांना जवळून पुरवणारे सर्व्हर, असतील आणि परदेशातील प्रेक्षकांसाठी एका मोठ्या पुरवठादाराची क्षमता घाऊक दराने घेतली जाईल. ग्राहकांसाठी सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम असे तीन प्लॅन योजले आहेत: पहिल्यात महिन्याला १० टेराबाइट, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात अमर्याद. या सीमा योग्य ठिकाणी आहेत का आणि वरच्या प्लॅनला प्रति गिगाबाइट किती सवलत द्यावी, असे आपण विचारले आहे.

सवलतीचा आकडा सांगण्याआधी मला सीमांविषयीच हरकत घ्यावी लागेल. या धंद्यात गिगाबाइट मोजणे सोपे आहे आणि ग्राहकालाही ते समजते, म्हणून बहुतेक दरपत्रके त्यावर उभी असतात. परंतु आपला खर्च गिगाबाइटवर फारसा अवलंबून नसतो. मध्यरात्री तीन वाजता मुंबईच्या सर्व्हरवरून गेलेला एक गिगाबाइट आपल्याला जवळजवळ फुकट पडतो, आणि रात्री नऊ वाजता गेलेल्या गिगाबाइटसाठी नवा पोर्ट, म्हणजे जाळ्याला जोडणारी आणखी एक वाहिनी, घ्यावा लागू शकतो. ग्राहक किती माल नेतो याच्या आधी तो केव्हा नेतो, कुठे नेतो आणि त्यातला किती आपल्या कॅशमध्ये सापडतो हे पाहावे लागते. प्लॅनमधील सीमा याच तीन गोष्टींवर आखल्या पाहिजेत, असे माझे मत आहे; गिगाबाइटचे स्लॅब हे त्या प्लॅनच्या आतले तपशील आहेत.

प्रथम ‘केव्हा’ पाहू, कारण पैसा तिथेच सर्वाधिक अडकतो. आपले अपस्ट्रीम पुरवठादार, म्हणजे ज्यांच्याकडून आपण इंटरनेटची क्षमता विकत घेतो त्या कंपन्या, आपल्याला नाइन्टीफिफ्थ पर्सेंटाइल पद्धतीने बिल लावतात. दर पाच मिनिटांनी वेगाची नोंद होते. ३० दिवसांच्या महिन्यात अशा ८,६४० नोंदी होतात. त्यांतील सर्वांत मोठ्या पाच टक्के, म्हणजे ४३२ नोंदी सोडून दिल्या जातात आणि उरलेल्यांतील सर्वांत मोठ्या नोंदीवर बिल बनते. ४३२ नोंदी म्हणजे महिन्यातले ३६ तास. हा ३६ तासांचा आकडा दरपत्रक करणाऱ्याने सतत डोळ्यांसमोर ठेवावा.

आता दोन ग्राहक घ्या. दोघेही महिन्याला १०० टेराबाइट वापरतात. पहिला शैक्षणिक ॲप चालवतो. त्याचे विद्यार्थी दिवसभर धडे उतरवून घेतात. एक मेगाबिट प्रति सेकंदाचा अखंड प्रवाह ३० दिवस चालला तर ३२४ गिगाबाइट होतात, या हिशेबाने त्याचा सरासरी वेग सुमारे ३०९ मेगाबिट येतो, आणि दिवसाचे चढउतार धरून त्याचा नाइन्टीफिफ्थ आकडा समजा ६०० मेगाबिट भरतो. दुसरा ग्राहक स्थानिक क्रिकेट स्पर्धांचे थेट प्रक्षेपण करतो: महिन्यात दहा संध्याकाळी, प्रत्येकी साडेतीन तास. पस्तीस तासांत १०० टेराबाइट नेण्यासाठी त्याला सरासरी सुमारे ६.३५ गिगाबिट वेग लागतो, आणि शेवटच्या षटकांत तो त्याहून बराच वर जातो.

गिगाबाइटच्या दराने दोघांचे बिल सारखेच येईल, जरी दुसऱ्यासाठी दहापट क्षमता उभी करावी लागली असली तरी. म्हणून आपण म्हणाल, मग ग्राहकालाही नाइन्टीफिफ्थवरच बिल लावू. तसे केल्यास पहिला ग्राहक ६०० मेगाबिटचे पैसे देईल आणि दुसरा जवळजवळ काहीच देणार नाही. कारण पस्तीस तासांच्या नोंदी ४२० होतात आणि त्या सगळ्याच्या सगळ्या सोडून दिलेल्या ४३२ मध्ये बसतात. ही पद्धत पोर्ट विकणाऱ्यांनी सतत वाहणाऱ्या वाहतुकीसाठी बनवली आहे. थेट प्रक्षेपण करणाऱ्याला ती कळली की तो हसत सही करतो.

यात आणखी एक मेख आहे. असा ग्राहक आपल्याकडे एकच असेल, तर अपस्ट्रीमच्या बिलातही त्याची वाहतूक त्याच ३६ तासांत खपून जाते आणि आपल्याला केवळ रिकामे पोर्ट बाळगण्याचा खर्च येतो. परंतु तशाच प्रकारचा दुसरा ग्राहक वेगळ्या संध्याकाळी येऊ लागला की दोघांचे मिळून सत्तर तास होतात, ३६ तासांची सूट संपते आणि अपस्ट्रीमचा संपूर्ण आकडा एका महिन्यात कितीतरी पटींनी वर जातो. पहिला ग्राहक स्वस्तात पडला म्हणून त्याच दरात दुसरा घेणे, ही या धंद्यातील नेहमीची फसगत आहे. दर ठरवताना ‘हा ग्राहक आज आपल्याला कितीला पडतो’ एवढेच विचारून भागत नाही. ‘याच्यासारखे पाच आले तर’ हे विचारावे लागते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की प्रत्येक प्लॅनला गिगाबाइटच्या जोडीने वेगाची कमाल मर्यादा द्यावी. सिल्व्हरला समजा २०० मेगाबिट, गोल्डला १ गिगाबिट. पाच मिनिटांच्या नोंदीत त्यापलीकडे गेलेला भाग ‘राखीव क्षमता’ म्हणून आगाऊ आरक्षित करावा आणि त्याचा दर प्रति गिगाबिट, प्रति तास असावा. क्रिकेटवाल्या ग्राहकाला दहा संध्याकाळींचे आरक्षण परवडते, कारण त्याचे जाहिरातदारही त्याच संध्याकाळींसाठी पैसे देतात. ॲपवाल्याला ती मर्यादा कधी जाणवणारही नाही. एकाच दरपत्रकातून दोघे आपापल्या जागी जाऊन बसतात, आणि प्लॅन करण्याचा मूळ हेतू तोच असतो: ग्राहकाला न विचारता त्याची ओळख पटावी.

याच्या टोकाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला झालेल्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. प्रत्येकी सरासरी दीड मेगाबिट धरले, तरी हा भार ८८ टेराबिट प्रति सेकंदाच्या घरात जातो. अशा कार्यक्रमाला कुठल्याही जाहीर दरपत्रकातील स्लॅब लागू पडत नाही. तिथे महिनोन्‌महिने आधी क्षमता बोलून ठेवावी लागते. आपल्यापर्यंत ते काम येणार नाही, पण जिल्हा पातळीवरची कबड्डी, यात्रेचे प्रक्षेपण, निकालाच्या दिवशीचे संकेतस्थळ हे सगळे त्याच जातीचे, लहान आकाराचे ग्राहक आहेत आणि महाराष्ट्रात ते भरपूर आहेत.

‘कुठे’ हा दुसरा प्रश्न. ॲमेझॉनच्या क्लाउडफ्रंट या सीडीएनने २०१२ पासून प्राइस क्लास नावाची सोय दिली आहे: ग्राहकाने स्वस्त प्रदेशांपुरतेच सर्व्हर वापरायचे ठरवले, तर त्याचे बिल कमी येते आणि महागड्या प्रदेशांतील प्रेक्षकांना थोड्या दूरच्या ठिकाणाहून माल मिळतो. सर्वांत स्वस्त वर्ग निवडल्यास भारतातील प्रेक्षकाची विनंती युरोपकडे जाऊ शकते. मुंबई ते फ्रँकफर्ट हे अंतर सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान ६५ मिलिसेकंद, आणि समुद्राखालच्या केबलचा वळसा धरला की प्रत्यक्षात त्याच्या जवळजवळ दुप्पट. नव्या जोडणीला पहिला बाइट मिळण्याआधी अशा सहसा दोन-तीन फेऱ्या होतात. बातम्यांच्या संकेतस्थळाला ते खुपते. सॉफ्टवेअरची मोठी फाइल उतरवणाऱ्याला त्याचे काहीच वाटत नाही. ही विभागणी मला फार प्रामाणिक वाटते, कारण स्वस्त प्लॅनमध्ये खरोखरच कमी खर्च होतो आणि काय गमावले ते ग्राहकाला घड्याळ लावून मोजता येते.

आपल्याकडे याचे रूप असे होईल: सिल्व्हर फक्त भारतातील सर्व्हरवरून, गोल्ड भारतासह आखात आणि सिंगापूरसह, आणि जगभरचे जाळे फक्त सर्वांत वरच्या प्लॅनला. आपल्या मराठी वृत्त आणि मनोरंजन ग्राहकांचा बराच प्रेक्षक दुबई, लंडन आणि न्यू जर्सीत असतो, हे त्यांच्या स्वतःच्या नोंदींत दिसते; पण त्यांतील प्रत्येकाला त्या प्रेक्षकासाठी जादा पैसे द्यायचे नसतात. ते त्यांनाच ठरवू द्या. घाऊक घेतलेल्या परदेशी क्षमतेचा खर्च सिल्व्हरच्या दरात मिसळू नका, नाहीतर फक्त नाशिक-कोल्हापूरला माल देणारा ग्राहक न्यू जर्सीच्या प्रेक्षकाचे बिल भरत राहील आणि एक दिवस स्वस्त पुरवठादाराकडे निघून जाईल.

मोठ्या प्रमाणाला किती सवलत द्यावी हा आपला मूळ प्रश्न याच ठिकाणी येतो, कारण त्याचे उत्तर प्रदेशागणिक बदलते. क्लाउडफ्रंटचे जाहीर दर पाहा. अमेरिकेसाठी पहिल्या १० टेराबाइटला प्रति गिगाबाइट ८.५ सेंट, आणि उतरत-उतरत ५ पेटाबाइटच्या पुढे २ सेंट. म्हणजे सवलत तीन-चतुर्थांशाच्याही वर. भारतासाठी तोच प्रवास १०.९ सेंटपासून ७.२ सेंटपर्यंतच, म्हणजे जेमतेम एक-तृतीयांश. अगदी मोठ्या ग्राहकांचे करार खासगीत आणि पुष्कळ कमी दराने होतात हे खरे, तरी या दोन उतारांतील फरक बोलका आहे. प्रमाण वाढले की जिथे एकक खर्च खरोखर उतरतो, तिथेच सवलत खोल जाते. मुंबईत निक्सी, डी-सिक्स आणि एक्स्ट्रीम आयएक्स यांसारख्या एक्स्चेंजवर, म्हणजे इंटरनेटची जाळी एकमेकांना जोडणाऱ्या ठिकाणी, लहान इंटरनेट कंपन्यांशी स्वस्तात जोडणी होते, पण प्रेक्षकांचा मोठा भाग दोन-तीन मोबाइल कंपन्यांकडे आहे आणि त्यांच्यापर्यंतची वाहतूक बहुधा खासगी जोडणीने किंवा विकतच्या ट्रान्झिटने, म्हणजे दुसऱ्याच्या जाळ्यातून पैसे देऊन, न्यावी लागते. आपला ग्राहक दसपट झाला म्हणून त्या कंपन्या आपल्याला दसपट स्वस्त होत नाहीत. तेव्हा अमेरिकन दरपत्रकातील सवलतीचा उतार नकलून घेऊ नका. आपल्या परिस्थितीत सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या जाहीर दरात एक-तृतीयांशाहून अधिक फरक मी ठेवणार नाही.

स्लॅब आखताना एक चूक जवळपास प्रत्येक नवा पुरवठादार करतो. समजा १० टेराबाइटपर्यंत ४ रुपये आणि त्यापुढे ३ रुपये असा दर आहे. नवा दर फक्त वरच्या भागाला लावायचा की संपूर्ण वापराला, हे स्पष्ट लिहिलेले नसते, आणि विक्री विभाग ग्राहकाला खूश करण्यासाठी ‘संपूर्ण वापराला’ असे सांगून मोकळा होतो. मग १०,००० गिगाबाइटचे बिल ४०,००० रुपये आणि १०,००१ गिगाबाइटचे ३०,००३ रुपये! ज्याचा वापर साडेसात हजारांच्या पुढे गेला आहे, त्याला महिनाअखेरीस स्वतःच्याच फाइली पुन्हा पुन्हा उतरवून दहा हजारांचा उंबरा ओलांडणे फायद्याचे ठरते. आणि असे करणारे लोक असतात. वीजबिलातील युनिटचे स्लॅब जसे ज्या-त्या टप्प्यापुरते लागतात, तसेच हे लावावेत; फरक इतकाच की तिथे दर चढतो आणि इथे उतरतो. टेराबाइट म्हणजे १,००० गिगाबाइट की १,०२४, हेही दरपत्रकातच लिहावे. अडीच टक्क्यांवरून झालेली भांडणे वसुलीच्या वेळी फार महाग पडतात.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे, कॅशकडे वळतो. ग्राहकाचा हिट रेशो, म्हणजे कॅशमध्येच सापडणाऱ्या मालाचे प्रमाण, ९० टक्क्यांवरून ९५ वर गेला, तर ऐकायला पाच टक्क्यांचा फरक वाटतो. पण ओरिजिनकडून, म्हणजे ग्राहकाच्या मूळ सर्व्हरकडून, आणावा लागणारा माल निम्मा होतो. ९५ टक्के हिट असलेला ग्राहक १ टेराबाइटमागे ५० गिगाबाइट आणायला लावतो, आणि जुन्या छायाचित्रांचा प्रचंड संग्रह असलेला, ६० टक्के हिटवर अडकलेला ग्राहक ४०० गिगाबाइट. त्यात दुसऱ्याच्या फाइली आपली डिस्क व्यापतात आणि पहिल्याच्या बाहेर ढकलतात. गिगाबाइटच्या दरात हे दिसत नाही, म्हणून ‘ओरिजिनकडून आणलेला माल’ ही वेगळी ओळ बिलात असावी. सिल्व्हरमध्ये ती वापराच्या १० टक्क्यांपर्यंत मोफत, पुढे आकार. गोल्डमध्ये मुंबईत मधला कॅश थर, म्हणजे ओरिजिन शील्ड, समाविष्ट. शील्ड आपला खर्च वाचवते आणि ग्राहकाच्या क्लाउडचे बाहेर जाणाऱ्या डेटाचे बिलही वाचवते, त्यामुळे गोल्डसाठी पैसे देताना त्याला कुणी पटवून द्यावे लागत नाही.

विनंत्यांची संख्या हाही असाच लपलेला खर्च आहे. एक टेराबाइट माल २ मेगाबाइटच्या व्हिडिओ तुकड्यांत गेला तर ५ लाख विनंत्या होतात. तोच १० किलोबाइटच्या चिमुकल्या चित्रांत गेला तर १० कोटी. क्लाउडफ्रंटच्या भारतातील एचटीटीपीएस दराने, म्हणजे १०,००० विनंत्यांना १.२ सेंट, मोफत मर्यादा बाजूला ठेवली तर पहिल्याचे विनंत्यांचे बिल ६० सेंट आणि दुसऱ्याचे १२० डॉलर येते. आणि त्या टेराबाइटच्या वाहतुकीचे बिल आहे १०९ डॉलर. चिमुकल्या चित्रांच्या ग्राहकाला विनंत्याच वाहतुकीपेक्षा महाग पडतात! आपण योजलेल्या प्लॅनमध्ये विनंत्यांचा उल्लेखच नाही. ई-कॉमर्सचा एखादा ग्राहक आला की प्रोसेसर भरतील आणि पोर्ट रिकामे राहतील, आणि बिल मात्र पोर्टप्रमाणेच निघेल.

दर्जाच्या प्लॅनचा खरा अवघड भाग मात्र वेगळाच आहे. गोल्डच्या फाइलींना कॅशमध्ये प्राधान्य आणि सिल्व्हरच्या फाइली आधी बाहेर, असे आपण योजले असावे असे आपल्या वर्णनावरून दिसते. कागदावर हे छान आहे. पण सुरुवातीला आपल्या डिस्क निम्म्या रिकाम्या असतील, आणि जिथे गर्दीच नाही तिथे प्राधान्याला अर्थ नसतो. सिल्व्हरवाल्याला गोल्डइतकाच वेग मिळेल आणि गोल्डवाला सहा महिन्यांत सिल्व्हरवर उतरेल. याला उपाय म्हणून सिल्व्हर मुद्दाम हळू करण्याचा मोह होतो. फ्रेंच अभियंता ज्यूल द्युपुई याने १८४९ मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी हेच लिहून ठेवले होते: डब्यावर छप्पर घालायला कंपनीला फारसा खर्च येत नव्हता, पण ज्याला दुसऱ्या वर्गाचे तिकीट परवडते त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून छप्पर घातले जात नव्हते. अर्थशास्त्र म्हणून हे अचूक आहे. तरीही सीडीएनमध्ये मी ते करणार नाही, कारण इथे ग्राहक एका दुपारी आपला माल दुसऱ्या पुरवठादाराकडे वळवू शकतो आणि मुद्दाम घातलेला उशीर मोजणारी साधने फुकट मिळतात.

गूगल क्लाउडने २०१७ मध्ये नेटवर्कचे प्रीमियम आणि स्टँडर्ड असे दोन दर्जे आणले, ते टिकले याचे कारण त्यातील फरक बनावट नाही. प्रीमियममध्ये डेटा गूगलच्या स्वतःच्या जाळ्यातून प्रेक्षकाच्या जवळच्या ठिकाणापर्यंत येतो. स्टँडर्डमध्ये तो डेटा सेंटरजवळच सार्वजनिक इंटरनेटच्या हवाली केला जातो. स्वस्त दर्जा स्वस्त आहे कारण तो पुरवणाऱ्यालाही स्वस्त पडतो. आपल्याला असे जाळे नाही, म्हणून आपला गोल्ड अशा गोष्टींवर उभा करा ज्या गर्दी नसतानाही जाणवतात. कॅश रिकामा करण्याचा वेग ही त्यांतील पहिली. चुकीची बातमी मागे घेतल्यावर ती पाच सेकंदांत सगळीकडून गेली की पाच मिनिटांनी, हे संपादकाच्या दृष्टीने नोकरीचा प्रश्न असतो. क्लाउडफ्रंट महिन्याला पहिले १,००० पाथ (फाइलींचे पत्ते) मोफत रिकामे करून देते आणि पुढे प्रत्येकी अर्धा सेंट घेते. हाही एक स्लॅबच आहे, आणि तो वाहतुकीच्या आकाराशी पूर्णपणे असंबद्ध आहे. त्याशिवाय प्रत्यक्ष वेळेत लॉग, स्वतःचे प्रमाणपत्र, फायरवॉलचे नियम आणि रात्री दोन वाजता फोन उचलणारा अभियंता. शेवटची गोष्ट सोडली तर या सगळ्यांचा आपल्याला खर्च थोडा आणि बँकेला वा माध्यमसमूहाला त्यांचे मोल मोठे.

क्लाउडफ्लेअर या सीडीएन कंपनीचा धंदा याच जाणिवेवर उभा राहिला. त्यांनी मोफत, महिना सुमारे २० डॉलर आणि सुमारे २०० डॉलर असे प्लॅन ठेवले आणि सर्वसाधारण वेब वाहतुकीचे गिगाबाइट मोजलेच नाहीत. पैसे सुरक्षेचे, नियंत्रणाचे आणि मदतीचे. २०२५ च्या अखेरीस क्लाउडफ्रंटनेही मोजमापाच्या जोडीला ठरावीक मासिक रकमेचे प्लॅन आणले. हे पाहून आपण प्लॅटिनममध्ये ‘अमर्याद’ लिहिले असेल, तर ते काढा. क्लाउडफ्लेअरला ते परवडते कारण त्यांची बरीचशी वाहतूक विनामूल्य पीअरिंगने, म्हणजे दुसऱ्या जाळ्यांशी केलेल्या थेट जोडणीने, जाते, कारण लाखो लहान संकेतस्थळांची गर्दी एकमेकांत मिसळून सपाट होते, आणि कारण नुसता व्हिडिओ ओतणाऱ्या ग्राहकाला त्यांच्या अटींनी बाजूला काढले होते. तीन शहरांतील जाळ्याने अमर्याद विकले, तर ज्याचा वापर सर्वाधिक आहे नेमका तोच सर्वांत आधी येतो, आणि त्याच्या गर्दीत बाकीच्या ग्राहकांची सेवा बिघडते.

प्लॅन किती असावेत? आपण तीन म्हटले ते बरोबर आहे. संगणक-जाळ्यांवरील २०११ च्या सिगकॉम परिषदेत वॅलँशियस, फीमस्टर, जोहरी, वझिरानी आदींनी घाऊक ट्रान्झिटच्या बाजारावर हाच प्रश्न खऱ्या जाळ्यांच्या आकडेवारीने तपासला होता. प्रत्येक प्रवाहाला वेगळा दर लावून जेवढा नफा मिळू शकेल, त्यातला बहुतांश भाग तीन-चार स्तरांतच हाती येतो, असे त्यांना आढळले. अट एकच, की ते स्तर मागणी आणि खर्च दोन्ही पाहून आखलेले असावेत. तो अभ्यास ट्रान्झिटचा आहे, सीडीएनचा नाही, पण माझ्या अनुभवात तीन पुरतात. चौथा प्लॅन सहसा विक्री विभागाला हवा असतो.

मर्यादा ओलांडल्यावर काय, याचा निर्णय कराराआधी घ्या. ओव्हरेजचा, म्हणजे मर्यादेबाहेरच्या वापराचा, दर कमिटच्या, म्हणजे आधी कबूल केलेल्या वापराच्या, दरापेक्षा थोडाच जास्त असावा, दहा-पंधरा टक्के; दुप्पट ठेवला तर पहिल्याच महिन्यात ग्राहक बिलावर वाद घालतो आणि तो वाद आपण सहसा हरता. तो कमिटइतकाच ठेवला तर मात्र कुणी कमिट करणार नाही. मोठे ग्राहक दोन-तीन सीडीएन एकाच वेळी वापरतात आणि तासागणिक वाहतूक फिरवतात. नाइन्टीफिफ्थवर बिल असेल तर आपापले ३६ तास प्रत्येकाकडून काढून घेतात. किमान मासिक कमिट हा त्यावरचा एकमेव व्यवहार्य बंदोबस्त आहे. आणि संकेतस्थळ बंद पाडण्यासाठी ओतलेली हल्ल्याची वाहतूक, म्हणजे डीडॉस, ग्राहकाच्या बिलात धरू नका. क्लाउडफ्लेअरने २०१७ मध्ये हल्ल्यापासूनचे संरक्षण सर्व प्लॅनना विनामोजमाप दिल्यापासून बाजाराची अपेक्षा तीच झाली आहे.

उपलब्धतेची हमी देताना आकडे मिनिटांत बदलून पाहा. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के म्हणजे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा, ९९.९९ टक्के म्हणजे सव्वाचार मिनिटे. नागपूरला एकच सर्व्हर-खोली आणि एकच फायबर मार्ग असताना चार नऊंची (९९.९९ टक्क्यांची) हमी देऊ नये, मग प्लॅनचे नाव प्लॅटिनम का असेना. परदेशी क्षमतेचे बिल आपल्याला डॉलरमध्ये येते आणि आपला ग्राहक रुपयांत, वर १८ टक्के जीएसटी धरून, पैसे देतो. तेव्हा परदेशी भागाचा दर दर तिमाहीला बदलता येईल असे कलम ठेवा आणि देशांतर्गत दर वर्षभर स्थिर ठेवा.

जास्त पैसे देणाऱ्याला जास्त वेग, हे नेट न्यूट्रॅलिटीत, म्हणजे इंटरनेटवरील सर्व मजकुराला समान वागणूक देण्याच्या तत्त्वात, बसते का, अशी शंका आपण शेवटी काढली आहे. दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये घातलेली बंदी इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपन्यांनी मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यावर होती, आणि नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशींत सीडीएनना भेदभावाच्या निर्बंधांबाहेर ठेवले गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रायने डेटा सेंटर आणि सीडीएनवर दिलेल्या शिफारशींत सीडीएनची साधी नोंदणी सुचवली आहे, तिच्याकडे आपल्या वकिलांनी लक्ष ठेवावे. प्लॅनच्या रचनेला यातून अडथळा नाही.

दरपत्रक जाहीर करण्याआधी एक काम मात्र करा. आपल्या सध्याच्या होस्टिंग ग्राहकांच्या मागील तीन महिन्यांच्या पाच-पाच मिनिटांच्या नोंदी आपल्याकडे असतीलच. त्यांवर आपल्या मूळ योजनेने आणि मी वर सांगितलेल्या पद्धतीने, अशी दोन बिले प्रत्येकासाठी काढा आणि दोन्हींतील फरकाप्रमाणे ग्राहक क्रमाने लावा. यादीच्या वरच्या टोकाला जे पाच-सात ग्राहक दिसतील, त्यांच्याशी नव्या प्लॅनविषयी आधी बोला, आणि वेगाच्या मर्यादेचे आकडे त्यांच्याच नोंदींवरून पक्के करा.